एक सूप कोंड्याची तार

शहापूर-मुरबाडला हौसेने कोणी जात नाही, निदान आमच्या गिरगावातून तरी नाही. नाशिकला निघालेला माणूस आसनगावच्या आसपास खिडकीतून माहुलीचे सुळके बघतो, "वा!" म्हणतो आणि घाट यायच्या आत डबा उघडतो. मी त्या सुळक्यांच्या पायथ्याशी उतरलो आणि चार दिवसांनी कल्याणमार्गे परत आलो. त्या चार दिवसांची ही हकीकत. नावे बदलली आहेत, आणि एकाचे नाव तर मलाही कोणी सांगितले नाही.

आधी मला तिकडे कोणी धाडले ते सांगतो. समुद्रापलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या तारा आणि बिनतारी संदेश कोणत्या नियमांनी चालायचे ते पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी नोकरीला आहे. कारकुनांच्या वर आणि साहेबांच्या खाली अशी माझी जागा. लोकांना वाटते, तार म्हणजे मास्तरने कडकट्ट केले की झाले. पण मुंबईची तार बसऱ्याला पोहोचायची तर वाटेतल्या राष्ट्रांनी आधी एकत्र बसून ठरवलेले असावे लागते: किती अक्षरांचा एक शब्द धरायचा, कोणती भाषा उघडी आणि कोणती सांकेतिक, कोणत्या जहाजाने हवेतली कोणती लहर वापरायची. जगातल्या राष्ट्रांचे दुसऱ्या कशावर एकमत नसेल, पण पंधरा अक्षरांपर्यंत एक शब्द, यावर आहे. आज ती एकमेकांवर बाँब टाकतात, तरी पंधराची सोळा कोणी केलेली नाहीत. हे नियम वाचायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि आपल्या बाजूने कोणी ते मोडत नाही ना, ते बघायचे, हे आमचे काम. मला ते मनापासून आवडते. घरची मंडळी म्हणतात, लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी शब्द मोजतो.

लढाई सुरू झाल्यापासून परदेशी तारेत सांकेतिक भाषा बंद झाली. तार उघड्या भाषेतच हवी. कार्तिकाच्या सुरुवातीला शहापूरहून बसऱ्याला निघालेली एक तार आमच्या टेबलावर येऊन अडली. बसऱ्याच्या बंदरावर काम करणाऱ्या गोमा चांगो नावाच्या माणसाला ती होती. इंग्रजी मजकुराचा मराठीत अर्थ असा: "विकत घेतले एक सूप कोंड्याला. ठेवले तुमच्या घरी. स्थिती चांगली. नाव नाही. राही."

त्यातले 'सूप' इंग्रजी जेवणातल्या सुपासारखे लिहिलेले होते. 'कोंडा' हा शब्द इंग्रजीत कोणालाच सापडेना. एकाने तर्क केला, ते जहाजाचे नाव असावे. दुसरा म्हणाला, सूप म्हणजे जहाजाचे जळण-तेल. "नाव नाही" वाचून तर साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी मराठी माणूस, पण वीस वर्षे इंग्रजी फायली वाचून मीही त्या अक्षरांचा उच्चार 'कॉण्डा' असाच केला. माझी मला आता लाज वाटते. साहेबांनी सांगितले, शुक्रवारपर्यंत खुलासा मिळाला तर ठीक, नाहीतर कागद पोलिसांकडे आणि तार रद्द. पोलीस म्हणजे सहा महिने. मी म्हटले, मीच जाऊन येतो.

शहापूर, सोमवार

आसनगावला उतरून टांग्याने शहापूर गाठले. भात कापून झालेले, खाचरे मोकळी, आणि जिकडेतिकडे पेंढ्याचा वास. आमच्या वाईकडे या दिवसांत शाळू हिरवागार डुलत असतो. इथे सगळे पीक शेतातून उठून खळ्यावर आलेले. माहुली मात्र इतकी जवळ की मान वर करून थकायला होते.

शहापूरचे तारमास्तर सज्जन होते. मला बघून त्यांनी टेबलावरची धूळ दोनदा पुसली. तार कोणी दिली ते त्यांना आठवत होते. "एक म्हातारा आला होता, किन्हवलीच्या पलीकडून चालत. मजकूर लिहूनच आणला होता, मास्तरच्या अक्षरात. मी विचारलं, हे सूप काय? तर म्हणाला, 'सूप म्हंजे सूप.' आता यावर मी काय बोलणार, साहेब?"

"तरी तुम्ही ती पाठवलीत."

"प्रत्येक शब्द पंधरा अक्षरांच्या आतला होता," मास्तर म्हणाले. माझ्या आयुष्यात प्रथमच मला या नियमाचा राग आला.

किन्हवली, मंगळवार

सापगावजवळ भातसा ओलांडताना बैलगाडीचे चाक एका धोंड्यावर चढले आणि माझी कातडी पिशवी नदीत गेली. गाडीवानाने ती चपळाईने बाहेर काढली, पण आतले आंतरराष्ट्रीय तार-नियमांचे पुस्तक भिजून चांगले जाडजूड झाले. "पोथी हाय का?" त्याने हळहळून विचारले. मी हो म्हटले. नाहीतरी मी ती पोथीसारखीच वाचतो.

किन्हवलीत माझ्या आधीच बातमी पोचली होती की मुंबईहून बिनतारीवाला साहेब येतोय. एका दुकानदाराने मला रस्त्यातच गाठून जेवायला नेले. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र, पापुद्रा सुटलेल्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, वर साजूक तूप. आमच्या घाटावरच्या माणसाला भाकरी म्हणजे ज्वारीची. तांदळाची भाकरी मऊ आणि गरीब स्वभावाची वाटते, पण बिरड्याबरोबर तिच्यासारखी तीच. तिसरी भाकरी वाढताना यजमान एकाएकी म्हणाले, "आमच्याकडे तसला काय रेडिओबिडिओ नाय हां, साहेब." मी रेडिओचे नावही काढले नव्हते. आतल्या खोलीत घोंगडीखाली काहीतरी चौकोनी होते आणि त्यावर एक मांजर बसले होते. रेडिओचा परवाना हा दुसऱ्या खात्याचा विषय, तेव्हा मी तूप मागून घेतले.

जेवून शाळेत गेलो. ती तार तिथल्या गुरुजींनीच लिहिली होती. माझा हुद्दा ऐकताच त्यांच्या कपाळावर घाम आला.

"साहेब, चांगोबाबांनी सांगितलं तसं मी लिहिलं. कोंड्याला इंग्रजी शब्द मला आठवला नाही."

"कोंडा? म्हणजे भाताचा कोंडा?"

"मग दुसरा कोणता? अन् सूप म्हणजे धान्य पाखडायचं सूप."

मी शाळेच्या बाकावर बसून हसलो ते हसतच राहिलो. आमच्या कचेरीत तीन शहाण्यांनी ज्याचे जहाज केले होते तो भाताचा कोंडा होता. हसू ओसरल्यावर मी विचारले, "पण मग कोंडा देऊन घेतलं काय?"

गुरुजींनी दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "ते त्यांच्या घरी जाऊन बघा. माझ्या तोंडून नको. मला या गावांतून राहायचंय."

काळूच्या काठी, बुधवार

चांगोबाबांचे घर किन्हवली-सरळगाव वाटेवर, काळू नदीच्या बाजूला आहे. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेले अंगण, बाजूला खळे. मी पोहोचलो तेव्हा सत्तरीचे चांगोबाबा भाताचे पेंढे झोडत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातला पेंढा हळूच खाली ठेवला, मला घोंगडी टाकून दिली आणि पाणी आणले.

"तार पोचली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही. आम्ही अडवून ठेवली आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात घरातून रडण्याचा आवाज आला; नवजात मुलाचा, चांगला खणखणीत. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आनंदाने म्हणालो, "अहो, नातू झाला म्हणायचा तुम्हाला!"

चांगोबाबांनी दोन्ही हातांनी कान झाकले. "नाय, नाय, साहेब! आमचा नाय तो. राहीचा हाय."

राहीला बोलावणे गेले. ती गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी सुईण. शेती नाही, घर म्हणजे चार कुडांचे खोपटे, आणि चाल मात्र अशी की मामलेदारानेच बाजूला व्हावे. ती माझ्यासमोर बैठक मारून बसली.

"मी घेतलाय तो. सूपभर कोंडा टाकलाय बनूच्या पदरात. समद्या गावानं बघितलाय."

मग हळूहळू सगळे कळले. गोमाची बायको बनू. तिची पहिली दोन मुले गेली. एक सहाव्या दिवशी, दुसरे चौथ्या महिन्यात. तिसऱ्या खेपेला गोमा बसऱ्याला होता. मूल जन्मताच ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवले, राही वाटेने आल्यासारखी आली, "कोनाचा गो ह्यो?" म्हणाली, "कोनाचा नाय" असे उत्तर आले, आणि तिने कोंडा देऊन ते उचलले. आता मूल तिचे. या घरात ते फक्त दुधासाठी ठेवले आहे. जे घरचे नाहीच ते घरातून नेणार कसे, असा मृत्यूला पेच. वर्षभर त्याला नाव ठेवायचे नाही आणि कोणी आपले म्हणायचे नाही.

माझ्या सख्ख्या काकांचे नाव धोंडो. त्यांच्या आधीची तीन भावंडे गेली म्हणून घरच्यांनी 'धोंडा झाला' म्हटले होते. आमच्याकडे दगडावर भागते, इथे कोंडा लागतो, इतकाच काय तो फरक. हे मला मुंबईत सुचले असते तर तार आठ दिवस अडली नसती.

पण नियम होता. मी समजावले, "बाबा, सोपे आहे. आपण नवी तार लिहू. मुलगा झाला, दोघे सुखरूप. साहेब डोळे मिटून सोडतील." चांगोबाबा म्हणाले, "पोलिसात नाय ना जानार? मग लिवा."

"मामा, नाय लिहायचं."

आवाज दाराआडून आला. बनू उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर पुढे ओढलेला. सासऱ्यासमोर आणि परक्या पुरुषासमोर ती कधी बोलली नसावी; चांगोबाबाही चमकले. ती एकेक शब्द तोडून बोलली.

"ते जाताना सांगून गेलेत. त्रिपुरी पुनवेपर्यंत तार नाय आली, तर समजेन ह्यो बी गेला. मंग तिकडं वाळवंटात जानाऱ्या टोळीत नाव देईन. परत येयाचा नाय."

पौर्णिमा शनिवारी होती. मी म्हटले, "मग तर बाई, उद्याच तार गेली पाहिजे. मी सांगतो तशी लिहा."

"दोनदा आमी पेढं वाटलं," ती म्हणाली. "दोनदा समद्यांना सांगितलं, आमचा, आमचा. ते नाय आले तरी मी राहीन, साहेब. पन ह्यो जगू दे."

माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, आणि तसे झाले की मला राग येतो. मी थोडा आवाज चढवला. म्हटले, असल्या समजुतीपायी जित्याजागत्या नवऱ्याला घालवून बसाल. राहीने तंबाखू मळली. खरे सांगायचे तर एक विचार माझ्या मनात येऊन गेला: यांना न सांगता मुरबाडहून आपणच तार ठोकून द्यावी. कोणाला कळणार होते? पण आमच्या सगळ्या नियमांच्या मुळाशी एक नियम आहे. तार ज्याने दिली त्याची. कचेरी ती अडवू शकते, सोडू शकते. देणाऱ्याच्या संमतीवाचून तिच्यातला एक शब्द बदलू शकत नाही. आणि ही तार होती राहीच्या नावाची; चांगोबाबा ती फक्त पोचवणारे.

काही सुचेना म्हणून मी खळ्यावर गेलो. तिथे पेंढ्यावर माझे पुस्तक वाळत घातले होते. पाने एकमेकांना चिकटली होती, ती सोडवत बसलो. उघड्या भाषेची व्याख्या मी शंभर वेळा नव्या कारकुनांना शिकवली असेल: ज्या मजकुराचा सरळ अर्थ लागतो आणि ज्यातला प्रत्येक शब्द आपल्या नेहमीच्या अर्थाने वापरलेला असतो, ती उघडी भाषा. पुन्हा वाचली. मग खिशातून तार काढून तिच्याशेजारी धरली.

विकत घेतले: घेतलेच होते. कोंडा: दिलाच होता. ठेवले तुमच्या घरी: ठेवलेच होते, आणि आत ते भोकाड पसरून तशी ग्वाही देत होते. स्थिती चांगली: यात शंका नव्हती. नाव नाही: खरेच नव्हते. अख्ख्या तारेत एकही शब्द दुसऱ्या अर्थाने आलेला नव्हता. सांकेतिक होती ती माझी चार शब्दांची तार. "मुलगा झाला" असे तर या अंगणात कोणी म्हणतच नव्हते. अडचण होती ती फक्त दोन मराठी शब्दांची. त्यांना इंग्रजी शब्द घातले की नियम तृप्त.

मी धावतच अंगणात आलो. "राहीबाई, तुमची तार तशीच जाईल. फक्त सूप आणि कोंडा इंग्रजीत लिहायचे. चालेल?"

राहीने संशयाने पाहिले. "इंग्रजी कोंडा आनी आमचा कोंडा एकच ना?"

"एकच."

"आनी राही?"

"राही ती राहीच. तिला इंग्रजी नाही."

"मंग घाला," असे म्हणून तिने अंगठा पुढे केला.

चांगोबाबांना वेगळीच काळजी. "गोमाला इंग्रजी येत नाय. तिथला कोन बाबू वाचून दाखवील, तो काय सांगेल त्याला? कोंडा कळला नाय तर?"

टोपली आणि फोलपट असे काहीतरी गोमाच्या कानावर पडणार होते, तेही कोणा पंजाब्याच्या नाही तर मद्राशाच्या तोंडून. दारातून बनू हळूच म्हणाली, "राहीचं नाव ऐकलं का कळंल त्यांना." पण तिच्याही आवाजात खात्री नव्हती.

जेवायला नाचणीची आंबील आणि सुक्या बोंबलाचे कालवण होते. बोंबील मी खात नाही हे त्यांना आधीच कळले होते की काय कोण जाणे, माझ्या पानात शेवग्याच्या पाल्याची भाजी पडली. निघताना मी आत डोकावलो. राहीचे मूल दूध पिऊन झोपले होते. कपाळावर काजळाचे बोट इतके मोठे की निम्मे तोंड त्यातच गेले होते. सुंदर आहे, असे तोंडावर आले होते. मी ते गिळले आणि "काळे आहे" म्हणालो. बनू पहिल्यांदाच हसली.

मुरबाड, गुरुवार

मुरबाड हे टेकड्यांच्या बेचक्यात बसलेले व्यापारी गाव आहे. तांदळाची पोती, घोंगड्या आणि हिरडे यांचा एकत्र वास रस्ताभर. ते मी नीट पाहिले नाही, कारण सकाळी तार-कचेरी उघडायच्या आधीपासून तिच्या पायरीवर बसून होतो. मास्तरने नवी तार घेतली, राहीचा अंगठा पाहिला, मजकूर वाचला आणि मान वर करून माझ्याकडे बघितले. मी नियमांचे सुजलेले पुस्तक त्याच्यापुढे उघडले. त्याने निमूटपणे खटका दाबायला सुरुवात केली. मी कल्याणची मोटार पकडली. ती वाटेत दोनदा बिघडली, आणि एरवी मी त्यावर पानभर लिहिले असते, पण त्या दिवशी माझे लक्ष फक्त घड्याळाकडे होते.

शुक्रवारी सकाळी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी खुलासा वाचला. टोपली आणि कोंडा यांवर पेन्सिल टेकवून थांबले.

"म्हणजे या घरात मुलगा झाला, असेच ना?"

हो म्हणणे किती सोपे होते! साहेबांना ते कुठे कोणाला सांगायचे होते? काळूपासून साठ मैलांवर, पंख्याखाली बसून एक शब्द उच्चारल्याने काय होणार होते? पण माझी जीभ वळेना.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "राहीने विकत घेतला."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मजकुराखाली सही केली. त्याच दुपारी तार बसऱ्याला गेली.

शनिवारी पौर्णिमा झाली. रविवार गेला, सोमवार गेला. लढाईच्या दिवसांत तार पोहोचायला किती वेळ लागतो ते माझ्याइतके कोणाला माहीत होते? तरी मी घरी कोणाशी धड बोललो नाही. मंगळवारी बसऱ्याहून राहीच्या नावाने आलेली तार आमच्या टेबलावर आली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ती संशयित म्हणून बाजूला काढली होती. मी ती त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

"माझे नाही. राहीचेच असू द्या. चैत्रात तुमच्याकडे पाहायला येतो. गोमा."

मी ती दोनदा वाचली आणि माझे डोळे भरून आले. शेजारचे गृहस्थ विचारत होते, ही उघडी भाषा म्हणायची की काय? मी म्हटले, इतकी उघडी तार या कचेरीत वर्षात आली नसेल, आणि पुढे सोडण्याचा शिक्का मारला. बसऱ्याला बसलेल्या बापाने मूल आपले नाही म्हणून कळवले होते, आणि त्या दिवशी सबंध कचेरीत माझ्याइतका आनंदी माणूस दुसरा नव्हता.